मी बरी आहे, असं म्हणत आले

नांदेड
रविवार

प्रिय वीरेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. अंजूची परीक्षा चालू आहे, तुझे दाजी नेहमीसारखे साडेनऊला डबा घेऊन पाटबंधारेच्या ऑफिसला जातात. दर दोन दिवसांनी फोनवर बोलणारी अक्का आज कागद घेऊन कशी काय बसली, असं तुला वाटेल. बसलेली नाही मी. उभी आहे. कपडे बेतायचं माझं उंच टेबल आहे ना, त्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहायलेय. दहा-बारा ओळी झाल्या की जाऊन आडवी होते, पाठ सैल पडली की परत येते. म्हणून हे पत्र एका दिवसात होणार नाही. मधेच शाई बदललेली दिसेल, मधेच मी सांगत होते ते सोडून भलतंच सांगायला लागेन. सांभाळून घे. शिवणाऱ्या बाईला बसता येत नाही म्हणजे काय, असं तुझ्या मनात आलंच असेल. तेच सांगायचंय, पण मला जरा लांबून येऊ दे. थेट सांगायला गेले की माझी जीभ वळते आणि मी अव्वाच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागते.

ऑपरेशनच्या आधीचं तुला माहीत आहे. बावीस वर्षं मशीनवर वाकून ब्लाऊज शिवले, त्यात कंबर गेली. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून उजव्या पायाची नस दाबली गेली होती. शिंक आली तरी कमरेपासून घोट्यापर्यंत वीज जायची. तुझे दाजी म्हणत होते, आणखी महिनाभर बघू. मीच ऐकलं नाही. लग्नसराई तोंडावर होती, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे पडले होते, वाटलं, एकदा काय ते उरकून टाकावं. इथल्या डॉक्टरांनी व्यवस्थित समजावून सांगितलं होतं. बहुतेकांचा पाय बरा होतो, पण काही जणांचं दुखणं राहतं, कधी कधी नव्यानंही लागतं, असं ते प्लास्टिकच्या मणक्यावर बोट ठेवून म्हणाले होते. मी मान हलवली. ते 'काही जण' म्हणजे दुसरे कुणीतरी, असंच माणूस धरून चालतो. त्या कागदावर सही माझी आहे, वीरेश. हे आधीच सांगते, कारण पुढं वाचताना तुला कुणावर तरी राग काढावा वाटेल, आणि तसं कुणी सापडत नाही. मी खूप शोधलं.

पहिले तीन महिने मी खरंच बरी होते. तेवढं खोटं नव्हतं. पायातली वीज गेली, मी जिना चढायला लागले, बाजारातून पिशवी आणायला लागले. अव्वानं लेकीसाठी सिद्धेश्वराला अभिषेक केला, तू पेढे वाटलेस. चौथ्या महिन्यात एका दुपारी मी मशीनवर एका इरकलीचं ब्लाऊज शिवत होते. एकदम उजव्या घोट्याला गरम इस्त्री टेकल्यासारखं झालं. मी दचकून खाली बघितलं, तर इस्त्री पलीकडं स्टँडवर, बंद. घोट्यावर काही नाही. हात लावून बघितला, कातडी गार. पण आतून भाजत होतं. चटका बसला की थोड्या वेळानं उतरतो ना, तसा तो उतरलाच नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत उतरलेला नाही. आधीचं दुखणं वेगळं होतं, ते यायचं-जायचं, त्याला उभं-आडवं कळायचं. हे आलं ते मुक्कामालाच. पोटरीवर परकराचा काठ घासला तरी आग होते. पंख्याचं वारं पायावर आलं तरी नको वाटतं. बसलं की दहा मिनिटांत कमरेपासून खाली सगळं पेटत जातं.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी शिरेतून औषध सोडून पुन्हा फोटो काढले, शांतपणे बघितले. म्हणाले, नस मोकळी आहे, गादी परत सरकलेली नाही, आमचं काम चांगलं झालंय. जखम भरताना नसेभोवती थोडा व्रण धरलाय, तो थोडाफार सगळ्यांनाच धरतो. परत उघडलं तर परत धरणार, आणि दुसऱ्या खेपेला गुण यायची शक्यता पहिल्यापेक्षा कमी. म्हणून उघडायचं नाही. हे सगळं खरं होतं. ऑपरेशन चांगलं झालं होतं आणि पाय जळत होता, आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या होत्या. रिपोर्टची पिशवी हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. रिपोर्टमध्ये काही निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. निघालं असतं तर काढून तरी टाकलं असतं.

यातलं सगळ्यात वाईट काय असेल, तर चांगला रिपोर्ट. तो दाखवला की लोकांचे चेहरे बदलतात. शेजारची बाई म्हणाली, रिपोर्ट तर चांगलाय म्हणे, मग? तुझे दाजीसुद्धा एकदा म्हणाले, "उमा, हे मनाचं तर नसंल?" एकदाच म्हणाले, ते पण घाबरत, भाजी निवडता निवडता. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. आता वाटतं, तो माणूस तरी काय करणार? बायकोचा पाय डोळ्यांसमोर धडधाकट दिसतोय, आणि ती म्हणते जळतोय. त्यानंतर त्यांनी तसं कधी विचारलं नाही, पण दर आठवड्याला एक नवीन उपाय घरी यायला लागला. चुंबकाचा पट्टा, काळं तेल, कसल्याशा बियांची पुरचुंडी. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून मला इस्लापूरला एका मणका बसवणाऱ्याकडं घेऊन गेले. म्हातारा माणूस, पांढरा फेटा. त्यानं मला पालथं झोपवलं, कमरेपर्यंत हात आणला, टाक्यांची खूण बघितली आणि हात मागं घेतला. म्हणाला, "टाके पडल्याल्या पाठीला मी हात लावत न्हाई, ताई. तुमी डाक्टरलाच धरा." उलट चहा पाजला. एवढ्या लांब आलोय तर सहस्रकुंडाचा धबधबा बघू, म्हणून दाजींनी गाडी तिकडं घेतली, पण खाली पायऱ्या. मी वरच थांबले. ते एकटे उतरले आणि दोन मिनिटांत परत आले. म्हणाले, "पाणी काय इशेष न्हाई." पाण्याचा आवाज तर वरपर्यंत येत होता रे.

(सोमवार. काल एवढ्यावरच थांबावं लागलं.)

तुला आणि अव्वाला का नाही सांगितलं, ते आता सांगते. चौथ्या महिन्यात हे सुरू झालं त्याच आठवड्यात अव्वाला छातीच्या तपासणीला नेलं होतंस. हृदयाची झडप नीट मिटत नाही, ताण द्यायचा नाही, असं तू फोनवर सांगितलंस, आणि त्याच फोनवर तिनं विचारलं, "उमा, पाय कसा हाय गं?" मी म्हणाले, बरी आहे. एवढंच. वाटलं, पंधरा दिवसांत कमी होईल, तेव्हा खोटं ठरणार नाही. मग पुढच्या फोनला परत तेच. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले आणि मग खरं सांगायचं म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं हेही सांगायचं, ते जमेना. पूजा करतेस ना, असं अव्वा विचारायची, मी हो म्हणायची. करते मी पूजा. पण मांडी घालून बसता येत नाही म्हणून आडवी पडून करते, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेते आणि तो हात छातीवर टेकवून ठेवते. तेवढा वेळ तरी पायाकडं लक्ष जात नाही. हे अव्वाला कसं सांगायचं होतं?

आता तुझ्या नव्या दुकानाची वास्तुशांती. गेल्या वर्षी माघात तू भांड्यांचं दुकान मोठ्या जागेत नेलंस, तू आणि सुकन्या जोडीनं पूजेला बसणार म्हणून आम्ही लातूरला आलो. बसनं येण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून दाजींनी ओळखीच्या माणसाची गाडी मागून आणली, स्वतः चालवली. मी मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मी छताकडं बघत होते. चाकूर मागं पडल्यावर दाजींनी गाडी कडेला घेतली. मी उठले, गोळी घेतली, एकीच्या जागी दोन घेतल्या, केस विंचरले, पदर नीट केला आणि बसून आले. तुमच्या दारात मी बसलेली दिसले पाहिजे ना. त्या दिवशी मी काय केलं नाही? पंगतीत वाढलं, तुझ्या माणसांना आहेर दिला, अव्वाच्या शेजारी खुर्चीवर अर्धा तास हसत बसले. तू सगळ्यांना हाताला धरून माझ्याकडं आणत होतास आणि म्हणत होतास, "ही आमची अक्का. मणक्याचं ऑपरेशन झालंय, वाटतं का बघा!" कुणी म्हणालं, अजिबात न्हाई. तू माझं चालतानाचं शूटिंग केलंस आणि घरच्या ग्रुपवर टाकलंस. मी सुंदर चालले होते त्यात. नंतर मी ते कितीतरी वेळा बघितलं. परत येताना शिरूर ताजबंदच्या पुढं मी दाजींना गाडी थांबवायला सांगितली. ओरडायचं होतं मला, आणि त्यांच्यासमोर ओरडायचं नव्हतं. ते उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे राहिले. मी काचा बंद करून ओरडले. मग ते आले, गाडी सुरू केली.

त्यानंतरच आम्ही वेदनेच्या वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडं जायला लागलो. असे डॉक्टर असतात हे मला माहीत नव्हतं. तरुण आहेत, ऐकून घेतात. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की हे मनाचं नाही. म्हणाल्या, नसेवरचा दाब गेला, पण नस स्वतःच बिघडलीय. दारावर कुणी नाही आणि बेल वाजत राहिलीय. मी तिथंच रडले, कारण कुणीतरी नाव दिलं. पण त्यांनी दुसरंही सांगितलं. शून्य दुखणं असं काही माझ्याकडं नाही, तुमचं दहापैकी आठाचं चारावर आलं, तुम्ही अर्धा तास बसलात, तर आपण जिंकलो समजायचं. नसेच्या गोळ्या दिल्या. त्यानं आग थोडी मंदावली, पण डोकं जड झालं, शब्द हरवायला लागले. भाजीवाल्यासमोर उभी राहिले आणि मला कोथिंबिरीचं नाव आठवेना. ती हिरवी, वरून टाकायची, असं म्हणाले. तो हसला, मी पण हसले. पण एका नवरीच्या ब्लाऊजचा मागचा गळा मी पुढच्या भागावर कापला, तेव्हा हसू आलं नाही. तसं कापड परत मिळणारं नव्हतं. त्या मुलीची आई नुसता कपडा घेऊन गेली. तेव्हापासून मी काम घेत नाही. तुला फोनवर म्हणत होते ना, हल्ली रेडिमेडमुळं शिलाई कमी झालीय? तसं नाही. मशीनवर चादर टाकून ठेवलीय.

त्या दवाखान्यात माहूरच्या साखराबाई भेटायच्या. देवीच्या पायऱ्यांवर बांगड्या-कुंकवाचं दुकान लावतात. त्यांचंही मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांचाही पाय माझ्यासारखाच. बाई साठीच्या, पण जीभ तिखट. डॉक्टरीणबाईंना म्हणायच्या, "मला पार बरं नका करू. मला निस्तं बसता येऊ द्या, बसल्याबिगर धंदा न्हाई." आम्हा दोघींना एकाच महिन्यात इंजेक्शन दिलं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत नसेच्या मुळाशी सुई नेतात, तिथं औषध सोडतात. साखराबाईंना गुण आला. त्यांना व्यायाम दिला, त्यांनी केला, आता त्या दुपारपर्यंत बसतात. मला पहिल्या इंजेक्शननं नऊ आठवडे बरं वाटलं. ते नऊ आठवडे मी मोजत जगले, तुला त्या दिवसांत फोनवर माझा आवाज वेगळा वाटला असेल. दुसऱ्यानं अकरा दिवस. तिसऱ्यानं काहीच नाही. मग बारीक नळी घालून तो व्रण सैल करून बघितला, त्यानं महिनाभर थोडं हलकं झालं आणि परत जागेवर. तीच सुई, तोच हात, तेच औषध. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांना गुण आला आणि मला का नाही? त्या म्हणाल्या, "खरं सांगू का उमाताई, मला माहीत नाही." माहीत नाही म्हणणारा डॉक्टर चांगला की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या श्रावणात आम्ही श्रीशैलला गेलो होतो, आठवतं? श्रीशैल नव्हतं ते. हैदराबादला गेलो होतो. तुला पाठवलेला प्रसाद तिथल्या मिठाईच्या दुकानातला होता. मल्लिकार्जुनाची माफी मागून झाली, तुझी राहिली होती. तिथं एक उपाय करतात. पाठीच्या कण्यालगत केसासारख्या दोन तारा सुईनं आत सरकवायच्या, त्यांचं टोक बाहेर कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या डबीला. डबीतून हलका करंट जातो, आणि जिथं आग आहे तिथं मुंग्यांसारखी थरथर लागते. आठवडाभर चाचणी. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं तर मग आत कायमचं यंत्र बसवतात, नाहीतर तारा काढून टाकतात. रोज वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा. पहिले दोन दिवस मी सहा लिहिला, खरा होता. तिसऱ्या दिवशी परत आठ. आणि मी तीन लिहिला. चौथ्या दिवशी तीन, पाचव्याला तीन. कारण मला वाटलं, तारा काढल्या तर संपलं, आता याच्यापुढं काही नाही. बसवून तर टाकू दे, मग लागेल गुण. सहाव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात चालायला लावलं. ते शेजारून चालत होते. शंभर पावलं झाली नसतील, ते थांबले आणि म्हणाले, "अम्मा, कागद पे तीन लिखे, मुँह पे तो आठ दिख रा." मी खाली बघितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, खोट्या आकड्यावर मी तुमच्या पाठीत यंत्र घालणार नाही. दुसऱ्या दिवशी तारा निघाल्या. दोन वर्षं मी सगळ्यांना दुखणं कमी सांगत आले, आणि एकदा खरं सांगायची गरज होती तिथंही कमीच सांगितलं. येताना रेल्वेत मी खालच्या बर्थवर आडवी होते. तुझे दाजी पायाशी अंग चोरून बसले आणि एक संत्रं सोलून, प्रत्येक फोडीवरच्या शिरा काढून, माझ्या हातात देत राहिले.

(मंगळवार सकाळ.)

आता कसं आहे, ते लिहिते. गोळ्या कमी करून सोसतील एवढ्यावर आणल्यात, त्यामुळं शब्द परत आलेत. रोज अकरा मिनिटं चालते, आठवड्याला एक मिनिट वाढवायचं असं ठरलंय, पण अकराच्या पुढं जाऊन दोनदा परत सातवर आले. महिन्यातून एकदा एका समुपदेशन करणाऱ्या ताईकडं जाते. पहिल्यांदा वाटलं, म्हणजे मी वेडी ठरले. तसं नाही. ती मला दुखण्याबद्दल कमीच विचारते. मागच्या खेपेला म्हणाली, घरात कुणाकुणाला खरं माहीत आहे? मी म्हणाले, दोघांना. दाजींना, आणि अंजूला. अंजूला कसं कळलं, ते सांगायची लाज वाटते. ती माझ्या अंगावर पांघरूण घालायला आली, चादर पायाला लागली, आणि मी तिच्या हातावर फटका मारला. सतरा वर्षांच्या पोरीच्या. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कुठूनतरी पुठ्ठ्याचा खोका कापून आणला, चादर पायाला लागू नये म्हणून पलंगावर ठेवायला. शाळेतल्या प्रकल्पासारखा, चिकटपट्टी लावलेला. मी तिला नीट सॉरी पण म्हणाले नाही अजून.

मी यातून बाहेर पडेन का, ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नवीन पद्धती येतायत, वर्षा-दीड वर्षानं परत बघू. मी हो म्हणते. बाहेर आले की मला वाटतं, त्या माझ्यासाठी म्हणतात की स्वतःसाठी? त्यांचाही चेहरा थकलेला असतो. सगळेच करून थकलेत, वीरेश. कुणी कसूर केलेली नाही, आणि पाय जळतोय.

तर आता ते, ज्याच्यासाठी तीन दिवस उभी आहे. गेल्या बुधवारी तुझा फोन आला. तू म्हणालास, "अक्का, माझीबी तीच गादी निघाली बघ, तुझ्यासारखीच. डाव्या पायात वीज जायलीय. तुझ्याच डॉक्टरांकडं येणार, पुढच्या शुक्रवारची तारीख घेतलीय. सुकन्या लई भ्यालीय, पण मी तिला म्हणलं, माझ्या अक्काला बघ की, तुला शूटिंग दाखवू का?" आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, काही होत नाही, ये बिनधास्त. फोन ठेवला आणि तशीच पलंगावर पडून राहिले. दाजी घरी आल्यावर त्यांना सांगितलं, तर ते फक्त म्हणाले, "आता तरी सांग." फोनवर मला जमलं नसतं, तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून ते आपोआप निघतं, म्हणून हे लिहिलं. ऑपरेशन करू नकोस, असं मी म्हणत नाही. साखराबाईंच्याच गल्लीत एक जण चार वर्षांपूर्वी करून आलाय, पोती उचलतो. पाऊल उचलेनासं झालं, लघवीचं भान राहिलं नाही, तर शुक्रवारचीही वाट बघू नकोस, त्याच तासाला दवाखाना गाठ, तिथं वेळ घालवला तर पाय कायमचा जातो. पण नुसतं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचार की सहा आठवडे गोळ्या-व्यायामावर काढता येतील का, थांबलो तर काय बिघडेल, आणि माझ्यासारखे किती निघतात. माझं नाव घेऊन विचार, फाइल त्यांच्याकडंच आहे. कर म्हणावं तर भीती वाटते, नको म्हणावं तर त्याहून. तू लहानपणी कशालाही हट्ट धरलास की मला निकाल देता यायचा, आज येत नाही. अव्वाला काय सांगायचं, ते तू ठरव, मी ठरवलं ते चुकलं. हे पत्र घेऊन दाजी उद्या सकाळच्या बसनं लातूरला येतायत, सुकन्यालाही वाचू दे. सगळं वाचून तू शुक्रवारी आत गेलास, तर मी बाहेर असेन. बसता येणार नाही, भिंतीला टेकून उभी राहीन, आणि कुणी विचारलं की बाई, तुम्हाला काय झालंय, तर सांगेन.

तुझीच,
उमाअक्का